नाकापेक्षा मोती जड

इंग्लंडमधील एखाद्या मध्यम शहराच्या उपनगरात सकाळी फेरफटका मारला, तर एक दृश्य सहज नजरेस पडते. रस्त्याच्या कडेला एक लहान व्हॅन उभी असते. तिच्या मागच्या दारातून एक बारीक, लांबलचक नळी बाहेर आलेली असते आणि घरासमोरच्या जमिनीवर उभा राहून एक माणूस वीस-पंचवीस फूट लांबीच्या दांड्याने वरच्या मजल्याची खिडकी धूत असतो. दांड्याच्या टोकाला ब्रश असतो आणि ब्रशातून पाण्याच्या बारीक धारा काचेवर पडत असतात. हा माणूस काच पुसत नाही. धुऊन झाली की ती ओलीच सोडून तो पुढच्या खिडकीकडे वळतो. आणि तरीही काही वेळाने ती काच डाग न पडता, लख्ख सुकते. शिडी कोठेही दिसत नाही.

एका पिढीपूर्वी याच कामासाठी शिडी, बादली, स्पंज आणि रबरी पट्टीचा वायपर एवढेच भांडवल पुरत असे. आज त्या जागी टाकी, पंप, बॅटरी, गाळणयंत्रणा, नळीचे रीळ, दांडा आणि हे सर्व वाहून नेणारी व्हॅन आली आहे. खिडक्या धुण्याचा धंदा त्या देशात आजही मोठ्या प्रमाणावर एकट्या-दुकट्या माणसाचा धंदा आहे. अशा माणसाने कोणती यंत्रसामग्री घ्यावी, केवढी घ्यावी आणि कशाच्या बळावर घ्यावी, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. परंतु अर्थशास्त्रात ज्याला तंत्राची निवड म्हणतात, तो प्रश्न इतक्या स्वच्छ स्वरूपात क्वचितच पाहावयास मिळतो. अमर्त्य सेन यांनी १९६० साली 'चॉइस ऑफ टेक्निक्स' या ग्रंथात जो विषय राष्ट्राच्या पातळीवर मांडला, तोच विषय येथे एका व्हॅनच्या मागच्या दारात उभा असतो. आणि त्याचा संबंध महाराष्ट्रातील कर्ज काढून धंदा करू पाहणाऱ्या तरुणाशी वाटतो त्याहून निकटचा आहे.

शिडी का गेली?

या यंत्रामागील शास्त्र अगदी साधे आहे. नळाच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम इत्यादींचे क्षार विरघळलेले असतात. काचेवरचे पाणी उडून जाते. क्षार मागे राहतात आणि त्यांचे पांढरे ठिपके पडतात. म्हणून पूर्वी काच कोरडी पुसावी लागे आणि पुसण्यासाठी काचेपर्यंत चढावे लागे. पाण्यातील क्षारच काढून टाकले, तर पुसण्याची गरज उरत नाही, आणि पुसण्याची गरज उरली नाही की चढण्याचीही उरत नाही. आपल्याकडे घरोघरी आरओ यंत्र बसविणारा मनुष्य ज्या छोट्या मापकाने पाण्याचा टीडीएस मोजून दाखवितो, तसलाच मापक या कारागिराच्याही खिशात असतो. फरक एवढाच, की पिण्याच्या पाण्यात थोडे क्षार असलेले चांगले. याला मात्र तो आकडा शून्यावर किंवा शून्याच्या अगदी जवळ हवा असतो.

परंतु केवळ शास्त्र उपलब्ध झाले म्हणून तंत्र बदलत नाही. ब्रिटनमध्ये कामावर होणाऱ्या मृत्यूंच्या कारणांत उंचीवरून पडणे हे वर्षानुवर्षे अग्रभागी राहिले आहे. त्या देशाने १९७४ साली कामाच्या ठिकाणच्या आरोग्य व सुरक्षिततेचा व्यापक कायदा केला आणि १९७५ पासून त्याच्या अंमलबजावणीसाठी स्वतंत्र यंत्रणा उभी राहिली. पुढे ६ एप्रिल २००५ रोजी उंचीवरील कामाविषयीचे नियम अमलात आले. त्यांचा गाभा तीन पायऱ्यांचा आहे. उंचीवर जाणे टाळता येत असेल तर ते टाळावे. टाळता येत नसेल तर पडणार नाही अशी व्यवस्था करावी. आणि तेही पूर्णपणे शक्य नसेल तर पडल्यास इजा कमीत कमी होईल अशी तजवीज करावी. या नियमांनी शिडीवर बंदी घातली असा समज तेथेही पसरलेला आहे. तो खरा नाही. थोड्या वेळाच्या, कमी जोखमीच्या कामासाठी शिडी आजही वापरता येते. मात्र जमिनीवरून काम होण्याचा मार्ग असताना शिडी का चढलात, या प्रश्नाला आता उत्तर द्यावे लागते.

अर्थशास्त्राच्या भाषेत याचा अर्थ असा की, जो खर्च पूर्वी कोणाच्याच वहीत लिहिला जात नव्हता, तो आता वहीत आला. शिडी स्वस्त होती, कारण पडणाऱ्याच्या मोडलेल्या पायाची किंमत शिडीच्या किमतीत धरलेली नव्हती. ती किंमत त्याचे कुटुंब भरीत असे. कायद्याने हा हिशेब उघड केला आणि त्याबरोबर दांडा महाग राहिला नाही.

आधी काम, मग पाणी, मग वजन

दांडा घ्यायचा हे ठरले, तरी खरी निवड पुढेच असते. या धंद्यात यंत्रसामग्रीच्या साधारण चार पायऱ्या आहेत. पहिली पायरी म्हणजे पाठीवर घ्यावयाची सुमारे वीस लिटरची टाकी. दुसरी म्हणजे पंप आणि पाण्याचा कॅन बसविलेली हातगाडी. तिसरी म्हणजे व्हॅनमध्ये पक्की बसविलेली मोठी टाकी, जी घरी शुद्ध केलेल्या पाण्याने रात्री किंवा सकाळी भरून घ्यावयाची. आणि चौथी म्हणजे पाणी शुद्ध करण्याची सर्व यंत्रणा व्हॅनमध्येच बसविलेली, कोठल्याही नळाला जोडून टाकी भरता येईल अशी पूर्ण रचना. यापुढेही पाणी गरम करणारी भट्टी, दोन माणसांसाठी दोन रिळे, विजेवर गुंडाळले जाणारे रीळ असे अलंकार आहेतच.

विक्रेत्याच्या दालनात गेलेला माणूस बहुधा चौथ्या पायरीपासून विचार करू लागतो. वस्तुतः विचाराची सुरुवात कामापासून झाली पाहिजे. एकटा माणूस दिवसाकाठी किती वेळ प्रत्यक्ष ब्रश चालवितो? घरोघर फिरणे, नळी सोडणे-गुंडाळणे, पैसे घेणे, दोन शब्द बोलणे यांत बराच वेळ जातो. प्रत्यक्ष पाणी वाहण्याचा काळ चार तास धरला आणि मिनिटाला दीड लिटर पाणी लागते असे मानले, तर दिवसाला ३६० लिटर पाणी पुरते. म्हणजे एकट्या माणसाला चारशे लिटरची टाकी पुष्कळ झाली. ज्याची सारी गिऱ्हाइके दुकानांच्या एका रांगेत आहेत आणि जो फक्त तळमजल्याच्या काचा धुतो, त्याला हातगाडीही पुरेल. ज्याच्याकडे दोन माणसे दोन दांड्यांनी काम करतात, त्यालाच सातशे-आठशे लिटरचा विचार करण्याचे कारण आहे.

पाण्यानंतर येते ते वजन, आणि येथेच पुष्कळांचा हिशेब चुकतो. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो, हे शाळेत प्रत्येकजण शिकतो. व्हॅन घेताना मात्र ते विसरतो. समजा, एखाद्या लहान व्हॅनची भार वाहण्याची क्षमता ७०० किलो आहे. टाकीची चौकट, पंप, बॅटरी, गाळणयंत्रणा, रीळ, नळी, दांडे आणि किरकोळ सामान यांचे वजन दीडशे-दोनशे किलोंपर्यंत सहज जाते. उरले पाचशे. त्यात मदतनीस बसला की सव्वाचारशे. आता या गाडीत सहाशे लिटरची टाकी बसविणारा माणूस रोज सकाळी कायद्याबाहेर गाडी काढतो आणि त्याला त्याची कल्पनाही नसते. टाकी जेवढी मावते तेवढी बसवावी, हा नियम जागेचा झाला. गाडीचा नियम वजनाचा आहे. नाकापेक्षा मोती जड या म्हणीचा इतका अक्षरशः प्रत्यय अन्यत्र क्वचितच येईल.

अतिभाराचे परिणाम केवळ दंडापुरते राहत नाहीत. ब्रेक लागण्यास अधिक अंतर लागते, टायर तापतात, मागचा आस वाकतो आणि अपघात झाल्यास विमा कंपनीशी वाद उभा राहतो. शिवाय पाणी हे निमूटपणे बसून राहणारे ओझे नव्हे. उन्हाळ्यात टँकरच्या मागे एस.टी.तून प्रवास केलेल्यास ठाऊक असेल की, अर्धा भरलेला टँकर वळणावर कसा हेलकावतो. म्हणूनच चांगल्या टाकीत आतून आडव्या भिंती घातलेल्या असतात. पक्केपणाचे महत्त्व तर याहून मोठे आहे. धडकेत गाडी क्षणार्धात थांबते. त्या क्षणी वेग घटण्याचा दर गुरुत्वाकर्षणाच्या दहापट धरला, तर पाचशे किलोंची टाकी पाच टनांच्या जोराने पुढे झेपावते. आणि पुढे चालक बसलेला असतो. सामान बांधण्याच्या साध्या पट्ट्यांनी आवळलेली टाकी त्या वेळी काय करील, हे सांगण्याची आवश्यकता नाही. टाकी, चौकट आणि गाडीचा सांगाडा यांची एकमेकांशी बोल्टने केलेली, धडकेची चाचणी घेतलेली जोडणी महाग असते हे खरे. परंतु काटकसर करण्यासाठी इतर अनेक जागा आहेत. सर्व सामान भरून, टाकी काठोकाठ भरून गाडी एकदा वजनकाट्यावर चढवावी, यासारखा स्वस्त सल्ला या धंद्यात दुसरा नाही.

गावचे पाणी आणि धंद्याचा खर्च

यानंतरचा प्रश्न पाणी शुद्ध कसे करावे हा. त्याचे उत्तर माहितीपत्रकात सापडत नाही; ते गावच्या नळात असते. ग्लासगो शहराला १८५९ पासून लॉक कॅट्रिन या सरोवराचे पाणी मिळते. ते अतिशय मृदू आहे. त्यात क्षार फारच थोडे. लंडनचे पाणी मात्र खडूच्या खडकांच्या प्रदेशातून येणारे, जड, म्हणजे शाळेच्या पुस्तकातील भाषेत दुष्फेन आहे. त्याचा टीडीएस तीनशेच्या आसपास जातो. क्षार शोषून घेणारी रेझिन नावाची बारीक दाणेदार वस्तू एका नळकांड्यात भरून त्यातून पाणी सोडले, की शून्य टीडीएसचे पाणी मिळते. पण रेझिनची शोषणशक्ती मर्यादित असते. तीसच्या पाण्यात जी रेझिन दहा महिने टिकेल, ती तीनशेच्या पाण्यात एका महिन्यात संपेल. म्हणून मृदू पाण्याच्या गावात नुसती रेझिन पुरते, तर जड पाण्याच्या गावात आधी आरओ आणि मग रेझिन असा दुहेरी मार्ग परवडतो. आरओने पंचाण्णव टक्के क्षार काढले, तर तीनशेचे पंधरा होतात आणि रेझिनचे आयुष्य वीसपट वाढते.

स्थिर खर्च आणि बदता खर्च यांतील फरक शिकविण्यासाठी वर्गात याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण. आरओसाठी आरंभी मोठी रक्कम घालावी लागते, परंतु नंतर लिटरमागे खर्च थोडा येतो. रेझिनला आरंभी थोडे पैसे पुरतात, नंतर मात्र प्रत्येक लिटर महाग पडतो. कोणता मार्ग चांगला हे पाण्यातील क्षार आणि कामाचे लिटर यांच्या गुणाकारावर ठरते. ग्लासगोत राहून लंडनच्या माणसाचे अनुकरण करणारा कारागीर विनाकारण भांडवल अडकवून बसतो.

आरओची आणखी एक बाजू आहे. एक लिटर शुद्ध पाणी मिळविताना साधारणपणे तेवढेच, पुष्कळदा त्याहून अधिक, क्षारयुक्त पाणी बाहेर सोडावे लागते. आणि हे काम सावकाश चालते. टाकी भरण्यास काही तास लागतात. ही यंत्रणा घरी असेल तर ती रात्रभर चालू शकते आणि टाकून द्यावयाचे पाणी बागेला किंवा फरशी धुण्यास वापरता येते. ती व्हॅनमध्ये असेल तर तिचेही वजन रोज वाहावे लागते, आणि हिवाळ्यातील रात्री व्हॅनमधील पाणी गोठले तर आरओचा पडदा फाटून निकामी होतो. ज्याच्या घराजवळ टाकी भरण्याची सोय आहे, त्याने पाणी घरी शुद्ध करावे आणि व्हॅनमध्ये केवळ पाणी न्यावे, हाच शहाणपणाचा मार्ग. जो भाड्याच्या खोलीत राहतो किंवा ज्याचे काम दूरदूरच्या गावी असते, त्याच्यासाठी मात्र पूर्ण यंत्रणा व्हॅनमध्ये असणे ही चैन ठरत नाही. ती गरज ठरते.

हप्ता सुटी घेत नाही

आता भांडवलाचा प्रश्न. हिशेब स्पष्ट व्हावा म्हणून काही कल्पित आकडे घेऊ. एक साधी यंत्रणा दोन हजार पौंडांची आणि एक भारी यंत्रणा आठ हजार पौंडांची आहे. दोन्हींचे आयुष्य पाच वर्षे आहे आणि वर्षात दोनशे दिवस काम मिळते. म्हणजे एकूण हजार दिवस. पहिलीचा घसारा दिवसाला दोन पौंड, दुसरीचा आठ. सहा पौंडांच्या या फरकाच्या मोबदल्यात भारी यंत्रणा रोज अर्धा तास वाचविते असे मानू. त्या अर्ध्या तासात आणखी एक घर धुऊन होत असेल, तर फरक सहज भरून निघतो. पण गिऱ्हाइकेच तेवढी नसतील, तर वाचलेला अर्धा तास हा मिळकत होत नाही. तो केवळ रिकामा वेळ राहतो आणि त्यासाठी रोज सहा पौंड मोजले जातात. पाऊस, आजारपण किंवा स्पर्धा यांमुळे कामाचे दिवस दोनशेवरून एकशेवीसवर आले, तर साध्या यंत्रणेचा भार दिवसाला तीन पौंडांच्या थोडा वर जातो, भारी यंत्रणेचा तेरा पौंडांच्या वर. कामाचे दिवस घटले म्हणून हप्ता घटत नाही. माणूस आजारी पडू शकतो. हप्ता सुटी घेत नाही.

याचा अर्थ असा नव्हे की लहान तेच नेहमी चांगले. 'स्मॉल इज ब्युटिफुल' हे १९७३ सालचे पुस्तक लिहिणाऱ्या शूमाखर यांच्या नावावर असा सरधोपट सिद्धांत खपविण्याची प्रथा पडली आहे. मध्यम तंत्रज्ञानाच्या त्यांच्या कल्पनेचा आशय यंत्र माणसाच्या कामाच्या मापाचे असावे हा होता. खिडक्या धुणाऱ्याच्या बाबतीतही मोठ्या यंत्रणेच्या बाजूने काही खरे मुद्दे आहेत. आज लहान घेऊन दोन वर्षांनी मोठे घ्यावयाचे म्हणजे दोनदा खर्च. शिवाय व्हॅनची भारक्षमता नंतर वाढविता येत नाही. यातून निघणारा मार्ग असा की, जे नंतर बदलता येत नाही त्यात थोडी सवड ठेवावी आणि जे नंतर जोडता येते ते नंतरच जोडावे. व्हॅन गरजेपेक्षा थोडी सक्षम घ्यावी. दुसरे रीळ, दुसरा दांडा, गरम पाण्याची भट्टी ही कामे वाढल्यावर घ्यावीत.

दुरुस्तीचाही विचार आरंभीच झाला पाहिजे. पूर्वी वायपर तुटला तर कारागीर दुसरा घेई. आता पंप बंद पडला तर सारा दिवस बुडतो. म्हणून जी यंत्रणा गावातल्या गावात दुरुस्त होऊ शकते, जिचे सुटे भाग कोणत्याही दुकानात मिळतात आणि जिचा एक जादा पंप गाडीत ठेवता येतो, ती यंत्रणा दिसावयास साधी असली तरी धंद्याच्या दृष्टीने अधिक भक्कम होय. गाडीची बॅटरी वेगळी, पंपाची वेगळी, हा नियमही त्यातलाच. अन्यथा संध्याकाळी काम आटोपून निघताना गाडीच सुरू होत नाही. आणि सुरक्षिततेच्या नावाने घेतलेल्या साधनाचेही स्वतःचे धोके असतात, हे विसरून चालत नाही. कार्बनचा हलका दांडा वीज वाहून नेतो. वरून विजेची तार जात असेल तेथे तो उभारणे प्राणावर बेतू शकते.

आपल्याकडचा हिशेब

महाराष्ट्राचा या विषयाशी काय संबंध, असा प्रश्न येथे विचारला जाईल. मुंबई-पुण्यात काचेच्या इमारतींची रांग लागली आहे. त्यांच्या काचा दोरावर लोंबकळून किंवा पाळण्यात बसून धुतल्या जातात. दांडा कितीही लांबविला तरी साधारण पाच-सहा मजल्यांपलीकडे तो हाताच्या ताब्यात राहत नाही. तेव्हा तीस मजल्यांच्या मनोऱ्याला या यंत्राचा उपयोग नाही, हे मान्य केले पाहिजे. तेथे पक्के नांगर, दुहेरी दोर आणि शिकविलेली माणसे हाच उपाय. परंतु शाळा, महाविद्यालये, रुग्णालये, बँका आणि चार मजली गृहनिर्माण संस्था यांचे काय? दिवाळीच्या आधी अशा इमारतींच्या छज्ज्यावर, कंबरेला दोर न बांधता उभा राहून काचा पुसणारा शिपाई किंवा रोजंदारीवरील मजूर हे दृश्य अपरिचित नाही. तेथे दांडा चालू शकतो. तो येत नाही, कारण रोजंदारी स्वस्त आहे आणि पडण्याची किंमत अजूनही कोणाच्या वहीत नाही.

दुसरा संबंध अधिक नवा आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने एक कोटी घरांच्या छपरांवर सौर पटले बसविण्याची योजना जाहीर केली. महाराष्ट्रातही गच्चीगच्चीवर ही पटले दिसू लागली आहेत. धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा यांमुळे त्यांची वीजनिर्मिती घटते, म्हणून ती वेळोवेळी धुवावी लागतात. कूपनलिकेच्या जड पाण्याने धुतली तर त्यांवर क्षारांचा पांढरा थर बसतो. आणि अनेक ठिकाणी ती उंच सांगाड्यावर असल्याने गच्चीच्या कठड्याजवळ शिडी लावून चढावे लागते. पाणी वाहणारा दांडा आणि कमी क्षारांचे पाणी यांची गरज येथे नेमकी तशीच आहे. हे काम करणारे तरुण पुढे येत आहेत, पुढेही येतील. आणि 'मुद्रा' योजनेखालील कर्जाची मर्यादा २०२४ मध्ये वीस लाखांपर्यंत गेली असल्याने, मोठी यंत्रणा घेण्याचा मोहही त्यांच्यासमोर उभा राहील.

त्यांच्यासाठी वरील सर्व विवेचनाचे सार थोडक्यात सांगता येईल. ज्या मालमोटारीला लोक छोटा हत्ती म्हणतात, ती सुमारे पाऊण टन भार वाहते. तिच्यावर हजार लिटरची टाकी ठेवणे हा व्यवसाय नव्हे, अविचार होय. सौर पटलांना खिडकीच्या काचेसारखे शून्य टीडीएसचे पाणी लागतेच असे नाही. कोकणात जेथे विहिरीचे पाणी मृदू आहे तेथे आरओची आवश्यकता कदाचित पडणारही नाही, आणि साठविलेले पावसाचे पाणी तर निसर्गानेच गाळून दिलेले असते. उलट, ज्या गावात मे महिन्यात टँकर येतो, त्या गावात प्रत्येक शुद्ध लिटरमागे एक लिटर गटारात सोडणारे यंत्र दारासमोर चालविणे लोकांनाही रुचणार नाही आणि रुचूही नये. आणि पाचशे लिटरपेक्षा खांद्यावरची वीस लिटरची टाकी घेऊन आधी पन्नास गिऱ्हाइके मिळविणे, हे कर्जाच्या अर्जापेक्षा महत्त्वाचे भांडवल आहे.

यंत्रामुळे माणसाचे काम जाईल, ही भीतीही समजून घेतली पाहिजे. १९५५ साली द. गो. कर्वे यांच्या अध्यक्षतेखालील ग्रामोद्योग व लघुउद्योग समितीने तंत्रातील सुधारणा क्रमाक्रमाने व्हावी आणि ती बेकारी वाढविणारी नसावी, असा आग्रह धरला होता. तो आग्रह आजही निरर्थक झालेला नाही. शिडी धरून उभा राहणारा दुसरा माणूस दांड्यामुळे अनावश्यक ठरतो, हे खरे आहे. पण जे श्रम केवळ जीव धोक्यात घालूनच स्वस्त राहू शकतात, त्यांचे रक्षण रोजगाराच्या नावाने करता येणार नाही. त्या दुसऱ्या माणसाच्या हाती दुसरा दांडा देता येईल इतके काम निर्माण करणे, हा त्यावरील उपाय होय. त्याला पुन्हा छज्ज्यावर उभे करणे हा उपाय नव्हे.

तंत्राची निवड करणारा लहान माणूस बहुधा उलट्या क्रमाने चालतो. आधी यंत्र आवडते, मग त्यासाठी गाडी शोधली जाते, मग कर्ज आणि शेवटी काम. इंग्लंडमधील खिडक्या धुणाऱ्याची व्हॅन शिकविते तो क्रम याच्या नेमका विरुद्ध आहे: आधी काम मोजावे, कामावरून पाणी, पाण्यावरून वजन, वजनावरून गाडी आणि सर्वांत शेवटी यंत्र निवडावे. या हिशेबाच्या पहिल्याच ओळीत मात्र एक रक्कम लिहिलेली असली पाहिजे, ती म्हणजे काम करणाऱ्याच्या जिवाची. ब्रिटनमध्ये ती कायद्याने लिहविली गेली. आपल्याकडे ती जागा अद्याप बहुतेक ठिकाणी कोरी आहे. आणि जोवर ती कोरी राहील, तोवर सर्वांत स्वस्त साधन म्हणून शिडीच निवडली जाईल.